सगळ्यांना एडिटर करू नकोस
अरे, नवीन माणूस आला की सरळ 'एडिटर' करून मोकळा होऊ नकोस. गुगल ड्राइव्हवर एडिटर नुसतं लिहीत नाही, तो बाकीच्यांनाही आत घेऊ शकतो. शेअरिंगच्या सेटिंगमधली, एडिटरला इतरांना आत घेऊ देणारी टिक आधी काढ. बहुतेकांना 'कमेंटर' पुरतं, म्हणजे वाचायचं आणि शेरा लिहायचा, मजकूर बदलायचा नाही. आणि फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या फायलींनाही लागते, हे विसरू नकोस. आमच्याकडे पगाराची शीट चुकून पिकनिकच्या फोल्डरात पडली, आणि इंटर्नने चहाच्या टपरीवर आकडे घडाघडा म्हणून दाखवले! 'लिंक असलेला कोणीही' फाइल उघडू शकेल असा पर्याय दिसला की मी तर डोळे झाकून बंद करते. हां, कोणी नोकरी सोडत असेल तर त्याच्या फायलींची मालकी आधीच दुसऱ्याच्या नावावर करून घे. खातं उडाल्यावर अ‍ॅडमिनच्या मागे फिरावं लागतं.