इंग्रजीतील ‘बिलीव्ह’ इटालियनमध्ये नेताना प्रत्येक वेळी ‘क्रेदेरे’च वापरावे का?

‘आय बिलीव्ह’, ‘आय बिलीव्ह यू’, ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ हे इंग्रजी वाक्प्रयोग इटालियनमध्ये नेताना सगळीकडे ‘क्रेदेरे’ हे एकच क्रियापद चालेल का, असे आपण विचारले आहे. क्रियापद बहुतेक वेळा तेच राहते. अर्थ मात्र त्याच्या मागेपुढे येणाऱ्या एकाक्षरी शब्दांवर ठरतो आणि इंग्रजीवरून भाषांतर करणारा नेमका तिथेच चुकतो. मीही चुकलो आहे. बोलोन्यात राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात घरमालकीणबाईंनी गळका नळ उद्या दुरुस्त होईल असे सांगितले, तेव्हा ‘आपण म्हणता ते मला खरे वाटते’ एवढेच सांगायचे असताना मी ‘क्रेदो इन लेई’ म्हणालो आणि त्या खळखळून हसल्या. ‘इन’ लावले की ते वाक्य देवावरील श्रद्धेचे, लोकशाहीसारख्या मूल्यावरील निष्ठेचे किंवा एखाद्याच्या कर्तृत्वावरील विश्वासाचे होते. परीक्षेला निघालेल्या मुलाला आई ‘क्रेदो इन ते’ म्हणेल. समोरच्याचे बोलणे खरे मानायचे असेल तर ‘ती क्रेदो’ आणि आदरार्थी ‘ले क्रेदो’ पुरते. भुते किंवा नाताळबाबा खरे मानण्यासाठी सहसा ‘आ’ येतो: ‘क्रेदेरे आ बाब्बो नाताले’.

म्हणूनच माझा सल्ला असा की, इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत आणावे, कारण इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले अर्थ आपण पूर्वीपासून ‘वाटणे’, ‘मानणे’, ‘विश्वास ठेवणे’ आणि ‘श्रद्धा असणे’ असे वेगळे ठेवले आहेत. सर्वांत मोठा फायदा ‘वाटणे’ या अर्थी होतो. ‘क्रेदो के’ (‘मला वाटते की’) नंतर प्रमाण इटालियनमध्ये क्रियापदाचे ‘कोन्जुन्तिवो’ हे, खात्रीऐवजी अंदाज किंवा मत दाखवणारे रूप येते आणि इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला ते का बदलते हे उमगत नाही. मराठी माणसाने मात्र ‘तो दमला आहे’ आणि ‘तो दमला असावा’ यांतला फरक आठवावा: पहिले ‘ए स्तांको’, दुसरे ‘क्रेदो के सीआ स्तांको’. दोन्ही व्यवस्था तंतोतंत सारख्या नाहीत, पण कानाला सवय लावायला ही जोडी पुरेशी आहे. बोलताना अनेक इटालियन लोक इथे साधे ‘ए’ वापरून मोकळे होतात. लेखी भाषेत मात्र ते खटकते. कर्ता एकच असेल तर ‘के’ऐवजी ‘दी’ आणि मूळ क्रियापद येते, म्हणजे ‘मला समजले असे वाटते’ यासाठी ‘क्रेदो दी आवेर कापीतो’. नुसते ‘हो, असे वाटते’ म्हणायचे असल्यास ‘क्रेदो दी सी’.

‘ची’ हा इवलासा शब्द ‘त्यावर’ या अर्थाने येतो आणि ठरीव वाक्प्रयोगांत ठाण मांडून बसतो. ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ म्हणजे ‘के तू ची क्रेदा ओ नो’. ‘माझा विश्वासच बसत नाही’ म्हणजे ‘नोन ची पोस्सो क्रेदेरे’. सकाळपासून काही खाल्ले नाही म्हणून डोके दुखते, अशी कोणी तक्रार केली की इटालियन माणूस ‘ची क्रेदो!’ म्हणतो. त्याचे भाषांतर ‘माझा विश्वास आहे’ असे केल्यास हसे होईल. आपण अशा वेळी ‘दुखणारच!’ म्हणतो.

नामांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. ‘क्रेदेन्त्सा’ म्हणजे समजूत, पण भांडी ठेवायचे कपाटही. ‘फेदे’ म्हणजे धर्मश्रद्धा आणि लग्नाची अंगठीही, त्यामुळे माणसावरील भरवशासाठी ‘फिदूचा’ बरा. ‘सर्वसाधारण समजुतीच्या उलट’ हा इंग्रजी लेखांतला लाडका वाक्प्रयोग तर नाम टाळून क्रियापदानेच नीट उतरतो: ‘कोन्त्रारिआमेन्ते आ क्वान्तो सी क्रेदे’.

‘मेक-बिलीव्ह’मध्ये ‘क्रेदेरे’ आणूच नये, कारण ‘फार क्रेदेरे’ म्हणजे एखाद्याला काहीतरी खरे भासवणे आणि त्यात फसवणुकीची छटा येते. मुलांच्या खेळासाठी ‘पेर फिन्ता’ आहे, म्हणजे आपल्या भातुकलीतले ‘खोटे-खोटे’. त्या खेळात इटालियन मूल ‘फाच्चामो के ईओ एरो इल रे’ म्हणते, शब्दशः ‘आपण असे करू की मी राजा होतो’. खेळ अजून सुरू व्हायचा असतो, तरी क्रियापद भूतकाळातले असते.