लांबच्या मोटारप्रवासात मुलांना रमवताना

परदेशातील मराठी कुटुंबांना सुट्टीत आप्तांकडे किंवा मित्रमंडळींकडे जायचे म्हणजे पुष्कळदा पाच-सहा तासांचा मोटारप्रवास ठरलेला असतो, आणि निघताना कपड्यांच्या बॅगांआधी टॅबलेट पूर्ण चार्ज झाला आहे की नाही, हे पाहिले जाते. टॅबलेट मुळीच नको, असे माझे म्हणणे नाही. मात्र चालत्या गाडीत तो शेवटचा उपाय असावा, आणि त्यामागचे पहिले कारण शिस्तीचे नसून शरीराचे आहे.

गाडी का लागते हे समजून घेतले की खेळांची निवड सोपी होते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा शरीर हलत असल्याचे मेंदूला कळवत असते, तर मांडीवरच्या पडद्यावर खिळलेल्या डोळ्यांना सारे काही स्थिर दिसत असते. या विसंगतीमुळे मळमळ सुरू होते. साधारणपणे 2 ते 12 वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वाधिक होतो, म्हणजे ज्या वयात मुलांना गुंतवून ठेवण्याची आपल्याला जास्त गरज भासते, नेमके तेच हे वय. रंगवायच्या वह्या आणि गोष्टींची पुस्तके आपल्याला पडद्यापेक्षा बरी वाटतात खरी, पण मान खाली घालायला लावण्यात त्या टॅबलेटहून वेगळ्या नाहीत. डोळे खिडकीबाहेर दूरवर राहावेत आणि काम कानांना व तोंडाला मिळावे, या कसोटीवर प्रत्येक खेळ पारखून घ्यावा. बडबडणारे मूल एकाएकी गप्प झाले, जांभया देऊ लागले किंवा त्याचा चेहरा उतरला, तर खेळ बंद करून काच थोडी खाली करावी, त्याला समोर दूरवर पाहायला सांगावे आणि शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी गाडी थांबवावी. प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून द्यायचे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये.

या कसोटीला भेंड्या पुरेपूर उतरतात. गाण्यांच्या भेंड्यांसाठी पाठांतर लागते, आणि ज्या मुलांच्या कानावर मराठी फक्त घरातच पडते ती त्यात लवकर मागे पडतात. त्यांच्यासाठी शब्दांच्या भेंड्या अधिक सोयीच्या. अक्षरओळख नसलेले मूलही त्या केवळ ऐकून खेळू शकते. 'कमळ' आले की पुढचा गडी अडणार, कारण 'ळ'ने शब्द सुरू होत नाही. तेव्हा 'ळ' आल्यास 'ल' आणि 'ण' आल्यास 'न' घ्यायचा, हे आधीच ठरवून टाकावे. एखादा शब्द मुलाने शाळेच्या भाषेतला दिला तर तो बाद न करता, त्यासाठी मराठी शब्द सुचवणाऱ्यास जादा गुण द्यावेत. मुलाला दर वेळी दुरुस्त करत बसले तर खेळाचा तास होतो, आणि तासाला बसायची कोणाचीच इच्छा नसते.

लहान मुलांना याहून अधिक आवडते ती मुद्दाम चुकवून सांगितलेली गोष्ट. ससा आणि कासवाच्या गोष्टीत ससा झाडाखाली झोपला, एवढे नीट सांगून झाल्यावर 'मग झाडावरून हत्ती खाली उतरला' असे गंभीर चेहऱ्याने म्हणावे. मागच्या सीटवरून 'हत्ती नाही, आई!' असा निषेध आलाच म्हणून समजा, आणि मग खरे काय झाले हे सांगण्याची जबाबदारी आपोआप मुलाकडे जाते. एरवी मराठीत तुटक उत्तरे देणारी मुलेही मोठ्यांची चूक काढताना लांबलचक वाक्ये बोलतात. आजी-आजोबा दूर असतील तर त्यांच्याकडून दहा-पंधरा मिनिटांच्या गोष्टी आणि त्यांच्या लहानपणच्या हकिकती फोनवर ध्वनिमुद्रित करून मागवाव्यात. त्या गाडीच्या स्पीकरवर सर्वांनी मिळून ऐकाव्यात, म्हणजे मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतात. किशोरवयीन मुलांना मात्र या खेळांत ओढू नये. गाणी निवडण्याचे आणि पुढचा थांबा ठरवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे.

'अजून किती वेळ?' या प्रश्नाला मिनिटांत उत्तर देण्यात अर्थ नाही, कारण लहान मुलाला चाळीस मिनिटे म्हणजे किती, हे उमगतच नाही. 'आजीच्या दोन गोष्टी संपल्या की आपण थांबू' हे त्याला कळते. थांबा साधारण दर दोन तासांनी घ्यावा, तो चालकालाही आवश्यकच असतो. तान्ह्या बाळाला तर कार-सीटमध्ये सलग फार वेळ ठेवूच नये आणि वरचेवर बाहेर काढावे. थांब्यावर मुलांना पुन्हा खुर्चीत बसवण्याऐवजी धावू-पळू द्यावे.

गाडी चालवणाऱ्याला या सर्व खेळांतून माफी असावी. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 28 मीटर पुढे जाते, त्यामुळे मागच्या भांडणात क्षणभर वळून पाहणेही महागात पडू शकते. खाली पडलेले खेळणे उचलणे आणि तंटे सोडवणे हे दुसऱ्या मोठ्या माणसाचे काम. तसे कोणी सोबत नसेल तर गाडी थांबेपर्यंत खेळणे खालीच राहील, हे निघतानाच सांगून ठेवावे.

एवढे करूनही शेवटचा तासभर टॅबलेट द्यावा लागला तर अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. तो मुलाच्या हातात न देता पुढच्या सीटच्या पाठीला डोळ्यांच्या उंचीवर पक्का बांधावा. मोकळी ठेवलेली कठीण वस्तू जोरात ब्रेक लागल्यावर दगडासारखी भिरकावली जाते. वाटेत इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून कार्यक्रम घरीच उतरवून घ्यावेत, आणि हेडफोन द्यायचे झाल्यास आवाज 85 डेसिबलच्या वर जाऊ न देणारे, मुलांसाठी बनवलेले निवडावेत.