आर्ट थेरपीवर पहिलाच प्रबंध लिहिणारीला

अगं, आधी विषय लहान कर. ‘कला, ओळख आणि बरं होणं’ यात तीन प्रबंध मावतील. आर्ट थेरपीच्या दोन आद्य थेरपिस्टांपैकी एडिथ क्रेमर चित्र काढण्यालाच उपचार मानत, मार्गारेट नाउमबर्ग चित्राच्या आधाराने माणसाला बोलतं करत. तू कुणाच्या बाजूची, ते पहिल्या प्रकरणातच सांगून टाक. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये आणला, हे एका ओळीत उरक, परीक्षकांना पाठ असतं.

चित्राचा अर्थ मात्र तू लावू नकोस. इथे वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या एका आजींनी रांगोळीचा एक कोपरा कोराच सोडला. मी वहीत ‘माहेर तुटल्याची खूण’ लिहून मोकळी! महिन्याने विचारलं तर म्हणाल्या, “रंग संपला होता गं.” मग हसता हसता स्वतःच सांगू लागल्या: भाजीवाल्याशी गुजराती, देवापुढे मराठी, आणि भांडण दोन्हींत. माझं खरं प्रकरण तिथून निघालं.

मुलाखतीची संमती वेगळी, चित्र छापायची वेगळी. दोन्ही त्यांच्या भाषेत घे. कुणाला रडू आवरेना तर पाठवायला समुपदेशक आधीच बघून ठेव, आपण विद्यार्थी आहोत, थेरपिस्ट नाही. आणि चित्रामागे तारीख पेन्सिलीनेच टाक, बॉलपेन पुढे उमटतं.