मिनी फेसलिफ्ट : लग्नाआधी किती दिवस?

प्रश्न : माझं वय ५२. गालांची कातडी जबड्यावर ओघळली आहे. डॉक्टरांनी मिनी फेसलिफ्ट, म्हणजे छोट्या छेदातून गालांची ओघळलेली कातडी वर ओढण्याची शस्त्रक्रिया, सुचवलं. मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आहे. तोवर चेहरा पूर्ववत होईल का?

उत्तर : ताई, शक्य झाल्यास लग्नानंतरच करा. सूज आणि काळंनिळं बरंचसं दोन आठवड्यांत ओसरतं, पण कानाजवळचा बधिरपणा, ताठरपणा काही महिने राहू शकतो आणि वण सुरुवातीला लालसर दिसतो. गुंतागुंत झाली, तर हाती वेळच उरत नाही.

छेद कानाच्या पुढून पाळीखाली वळतो. कातडीखालचा थर टाक्यांनी वर ओढून बसवतात, मग जास्तीची कातडी कापतात. नुसती कातडीच ताणली, तर कानाची पाळी खाली खेचली जाते आणि वण रुंदावतो. म्हणून ‘आतला थर घट्ट करणार का?’ हे आधी विचाराच. मानेची जास्त सैल कातडी, पापण्या, कपाळ यांत फरक पडत नाही.

सर्वांत जपायचं ते रक्तस्रावाला. पहिल्या २४ तासांत एकाच बाजूला झपाट्याने सूज, ठणका वाढला, तर रात्र असली तरी लगेच डॉक्टरांना गाठा. रक्तदाब आधी आटोक्यात हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, त्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. तंबाखू, मिश्री किमान चार आठवडे आधी सोडा. निकोटीनने रक्तपुरवठा घटून कानामागची कातडी मरू शकते.

कानापुढचे टाके साधारण पाच ते सात दिवसांनी निघतात. तोवर उशी उंच ठेवा, वाकू नका.