डोंगरातली जमीन बघताय? मे महिन्यात जा

पावसाळ्यात मुळशी-वेल्ह्याकडचा कुठलाही तुकडा आवडतो, म्हणून तेव्हा बघूच नका. मे महिन्यात जा, शेजारच्या विहिरीत डोकवा. मला दाखवलेला ‘बारमाही झरा’ होळीलाच आटला होता. दगडावर नुसतं वाळलेलं शेवाळ. सातबाऱ्यावर आधी ‘इतर हक्क’ वाचा. कुळकायदा कलम ४३ (म्हणजे परवानगीशिवाय विक्री नाही), वनाचा शेरा, हिस्सेदार बहिणींची नावं तिथेच सापडतात. जुने फेरफारही, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. गाडी बांधापर्यंत जाते म्हणजे रस्ता आहे असं नव्हे, तो गटनकाशात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नकाशात शोधा. मोजणीशिवाय इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका. आणि हो, तुम्ही शेतकरी खातेदार आहात ना, म्हणजे नावावर शेतजमीन आहे ना? नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, एजंट काहीही सांगो.