अमेरिकेत एवढी माणसं असताना अध्यक्षपदाला शेवटी नकोसेच दोघं का उरतात?

तुम्ही विचारलंय की ३३-३४ कोटींच्या देशात दर चार वर्षांनी "हा नको आणि तोही नको" असंच का होतं, तिकडे नोटा नाही का, आणि नुकतीच नागरिक झालेली तुमची न्यू जर्सीतली बहीण "मी मतच देणार नाही" म्हणतेय तर तिला काय सांगायचं. मी पण न्यू जर्सीतच राहतो, मतदार आहे, कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता वगैरे नाही, त्यामुळे हे सगळं एका वैतागलेल्या मतदाराचं म्हणणं आहे असं समजून वाचा.

वैताग खोटा नाहीये हे आधी सांगतो. २०१६ ला हिलरी क्लिंटन आणि ट्रम्प समोरासमोर आले तेव्हा सर्व्हेवाले सांगत होते की दोन्ही मोठ्या पक्षांचे इतके नावडते उमेदवार एकाच वेळी त्यांनी कधी बघितलेच नव्हते. २०२४ च्या सुरुवातीला बायडन विरुद्ध ट्रम्प परत होणार असं दिसायला लागलं तर दोघंही नको म्हणणाऱ्यांसाठी 'डबल हेटर्स' हे नाव टीव्हीवर सारखं ऐकू यायला लागलं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद खाता खाता जी चर्चा चालते तिचा सूर पण तोच, दगडापेक्षा वीट मऊ म्हणून देतो मत, आणि मग वीट कुठली आणि दगड कुठला यावर अर्धा तास भांडण.

पण माझं म्हणणं असं की हा वैताग नोव्हेंबरमध्ये येतो, आणि नोव्हेंबरपर्यंत खरी निवड केव्हाच होऊन गेलेली असते. आपल्याकडे तिकीट दिल्लीतून नाहीतर मुंबईतून ठरतं, मतदाराला कोणी विचारत नाही, म्हणून आपण हायकमांडच्या नावानं बोटं मोडतो. इथे तिकीट ठरवायला चक्क लोकांचं मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात (काही राज्यांत त्याऐवजी कॉकस, म्हणजे पक्षाच्या लोकांची सभा भरवून निवड), आणि तिथे माणसं जातच नाहीत. २०१६ ची प्रायमरी तशी गाजलेली, चुरशीची, तरी पात्र मतदारांपैकी साधारण २८-२९ टक्केच लोक गेले. ट्रम्पना प्रायमरीत साधारण १ कोटी ४० लाख मतं पडली, हिलरीबाईंना १ कोटी ६९ लाख. म्हणजे दोघांची मिळून तीन कोटींच्या थोडी वर, आणि मतदानाला पात्र असलेले लोक होते बावीस-तेवीस कोटी. बाकीच्या एकोणीस-वीस कोटींनी या दोघांपैकी कोणालाच निवडलेलं नव्हतं आणि नंतर "हे कोणी निवडले" म्हणून विचारत बसले.

बरं गेलात प्रायमरीला तरी गणित सरळ नाही. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षात त्या वर्षी १७ जण उभे होते. मतविभागणी म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही, पण इथली बघा, साउथ कॅरोलायनात ट्रम्पना साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि तिथले पन्नासच्या पन्नास डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) त्यांना मिळाले. दोन तृतीयांश लोक दुसऱ्या कोणाला तरी मत देऊन आले आणि हातात शून्य. एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येईपर्यंत एकाही राज्यात त्यांना निम्म्याच्या वर मतं नव्हती, पण तोपर्यंत विरोधक एकेक करून गळून गेले होते. यात कोणी लबाडी केली असं मी म्हणत नाही, नियम आधीपासून तेच होते, पण बहुतेकांना नको असलेला माणूस बहुतेकांच्या डोळ्यादेखत कसा पुढे जातो ते यात दिसतं, आणि हे कुठल्याही पक्षात कुठल्याही नावाबरोबर होऊ शकतं.

त्यात आणखी वेळापत्रक. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही छोटी राज्यं वर्षानुवर्षं सगळ्यात आधी मतदान करत आलीत, आणि आमच्या न्यू जर्सीचा नंबर जूनमध्ये. २०१६ ला आमची प्रायमरी ७ जूनला होती. ट्रम्पांचे उरलेले विरोधक क्रूझ आणि केसिक मे महिन्याच्या सुरुवातीलाच बाहेर पडलेले, म्हणजे रिपब्लिकन बाजूला शर्यतच संपलेली, आणि डेमोक्रॅट बाजूला आदल्या दिवशी संध्याकाळी, ६ जूनला, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं जाहीर करून टाकलं की हिलरींचे डेलिगेट पुरे झाले. आमच्याबरोबर कॅलिफोर्निया पण त्याच दिवशी मतदान करणार होतं! देशातलं सगळ्यात मोठं राज्य. सकाळी उठून मत द्यायला निघालेल्या माणसाला निकाल आधीच माहीत, मग तो कशाला जाईल. तुमची बहीण पुढच्या जूनमध्ये प्रायमरीच्या दिवशी मतदान केंद्रावर गेली तर स्वतःच बघेल, आत कर्मचारी जास्त आणि मतदार कमी.

आणि न्यू जर्सीचा एक खास नमुना सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे वर्षानुवर्षं काउंटी लाइन म्हणून प्रकार होता. काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) पक्षाच्या पुढाऱ्यांनी ज्यांना पाठिंबा दिला त्या सगळ्यांची नावं बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, एका ओळीत, ठळक जागी, आणि बाकीचे उमेदवार कुठेतरी कोपऱ्यात लांब ढकललेले. २१ पैकी १९ काउंट्यांत हे चालायचं. २०२४ ला सिनेटच्या प्रायमरीत अँडी किम विरुद्ध थेट तेव्हाच्या गव्हर्नरांची बायको, टॅमी मर्फी, असा सामना होता आणि बऱ्याच मोठ्या काउंट्यांचे पुढारी अर्थातच बाईंच्या मागे. किमनं कोर्टात केस टाकली, बाई मार्चमध्येच बाहेर पडल्या आणि मार्चअखेर फेडरल कोर्टानं डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती ओळच बंद केली. घराणेशाही आणि जिल्ह्याचे दादा हे प्रकार आपल्याकडेच आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे एक चक्कर मारावी.

आपलाच एक माणूस पण यात उदाहरण म्हणून सापडतो. श्री ठाणेदार, बेळगावचे, मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून गेले २०२२ ला. डेट्रॉइटकडचा मतदारसंघ इतका डेमोक्रॅट की प्रायमरी जिंकली की नोव्हेंबर म्हणजे औपचारिकता, आणि त्या प्रायमरीत बरेच उमेदवार होते म्हणून साधारण २८ टक्के मतांवर ते जिंकले. आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू, बेळगावचा माणूस वॉशिंग्टनमध्ये. पण तिथल्या मतदाराच्या जागेवरून बघितलं तर ७०-७२ टक्क्यांनी दुसरं नाव निवडलं होतं.

आता नोटा. तुम्ही म्हणता तसा नोटा इथे फक्त नेवाडा राज्यात आहे, तिथे 'नन ऑफ दीज कँडिडेट्स' असं बॅलटवर छापलेलं असतं, तेही १९७० च्या दशकापासून, म्हणजे आपल्या सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये नोटा आणायला सांगितलं त्याच्या कितीतरी आधी. २०२४ च्या फेब्रुवारीत तर मजाच झाली, रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्पांच्या विरोधात उतरलेल्या निकी हेलींचं नाव होतं, ट्रम्प त्या बॅलटवर नव्हतेच कारण ते दोन दिवसांनी होणाऱ्या कॉकसमध्ये उतरले होते, आणि हेली हरल्या कोणाकडून तर 'यापैकी कोणीही नाही' कडून, साधारण ६३ विरुद्ध ३० टक्के. पण नियम आपल्यासारखाच, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी माणसांमध्ये जो पुढे तोच जिंकला. आपल्याकडे २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा साडेसत्तावीस हजार मतं घेऊन दुसऱ्या नंबरवर आला होता, आठवत असेल, बातम्या झाल्या, लोकांनी फॉरवर्ड केले, आणि आमदार जो व्हायचा तो झालाच. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी मात्र वेगळं ठरवलं, नोटा पहिला आला तर मतदान पुन्हा घ्यायचं. त्या नियमात थोडा दम आहे. दम नसलेला नोटा म्हणजे मन मोकळं करायची सोय, मला त्यात फार रस नाही.

मग तिसऱ्याला मत का नाही द्यायचं? देता येतं की, ग्रीन पार्टी असते, लिबर्टेरियन असतात. १९९२ ला रॉस पेरोंना देशभरात १९ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि इलेक्टोरल कॉलेजमध्ये (राज्याराज्यांची जी मतं शेवटी अध्यक्ष ठरवतात त्यात) किती, तर शून्य. कारण जवळपास प्रत्येक राज्यात जो पहिला त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं, दुसरा तिसरा कोणी असो, काही नाही. शिवाय आपल्याकडे तिकीट कापलं की बंडखोर अपक्ष उभा राहतो आणि नाराज मतदाराला निदान जागा मिळते, इथे बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्या माणसाला नोव्हेंबरच्या बॅलटवर अपक्ष म्हणून येताच येत नाही, कायद्यानंच दार बंद.

आणि मतं खाल्ली हा आरोप इथे पण ठरलेला. २००० ला फ्लोरिडात डेमोक्रॅट गोर ५३७ मतांनी हरले आणि ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरना तिथे ९७ हजारांच्या वर मतं होती, डेमोक्रॅट लोक अजून त्यांना माफ करत नाहीत. २०१६ ला मिशिगनमध्ये ट्रम्प आणि हिलरींमधला फरक १० हजार ७०४ चा, ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइनना ५१ हजार. पण हे गणित मांडणारे लोक त्याच राज्यात लिबर्टेरियन गॅरी जॉन्सनला पडलेली १ लाख ७२ हजार मतं सोयीस्करपणे विसरतात, आणि जॉन्सन तर स्वतः रिपब्लिकन पक्षाचे माजी गव्हर्नर. शिवाय सुमारे ७५ हजार लोकांनी तिथे बाकी सगळं बॅलट भरलं आणि अध्यक्षाची जागाच कोरी सोडली. मला ही ७५ हजार माणसं बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटतात. ती घरी बसली नव्हती, केंद्रापर्यंत आली होती, किंवा पोस्टानं बॅलट मागवून भरून पाठवलं होतं, आणि तरी वरच्या ओळीत कोणालाही खूण करायला त्यांचा हात उठला नाही. त्यांना आळशी म्हणता येत नाही आणि निष्काळजी तर नाहीच नाही.

कोणी म्हणेल फ्रान्ससारख्या दोन फेऱ्या ठेवा, मिटेल. तिकडे २००२ ला पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते, डाव्यांची मतं इतकी फुटली की त्यांचे जोस्पँ बाहेर गेले आणि दुसऱ्या फेरीत उजवे शिराक विरुद्ध कट्टर उजवे ल पेन, मग डाव्या लोकांनी नाक दाबून शिराकना मतं दिली, ८२ टक्के पडली. पहिल्या फेरीत त्यांना वीस टक्के पण नव्हती. म्हणजे फेऱ्या वाढवून पण वैताग जातो असं नाही. इथे मेन आणि अलास्का या दोन राज्यांत पसंतीक्रमानं मत देता येतं, पहिली पसंती बाद झाली तर मत दुसऱ्या पसंतीकडे जातं, हा प्रकार मला स्वतःला पटतो, पण २०२४ मध्ये कोलोरॅडो, ओरेगॉन, आयडाहो, नेवाडा अशा राज्यांत मतदारांनीच तो नाकारला आणि अलास्कात हजाराच्या आतल्या फरकानं कसाबसा टिकला. लोकांना पर्याय पण हवेत आणि पद्धत पण बदलायला नको.

२०२४ चं तर काय सांगू. बायडन यांच्या वयाबद्दल सगळे कुजबुजत होते, पण प्रायमरी नावापुरती झाली, फ्लोरिडात पक्षानं एकच नाव पाठवलं म्हणून मतदानच नाही. मिशिगनमध्ये लाखाच्या वर लोकांनी गाझाच्या रागातून 'अनकमिटेड' (कोणालाच पाठिंबा नाही) म्हणून मत दिलं. मग २७ जूनची ती डिबेट, जिच्यात बायडन अडखळले, २१ जुलैला माघार, आणि ऑगस्टमध्ये कमला हॅरिस उमेदवार, एकाही प्रायमरीत त्यांच्या नावावर मतदान न होता. ज्यांना बायडन नको होते त्यातले कितीतरी खूश झाले, पण माझ्या ओळखीतले काही डेमोक्रॅट तेव्हापासून म्हणतायत की उमेदवार चांगला का वाईट हा मुद्दाच नाही, आम्हाला विचारलं कोणी? मला त्यांचं पटतं. घाईत दुसरं काय करणार होते हे पण तेवढंच खरं, ती वेळ त्यांनी आधीच घालवली होती.

आता तुमच्या बहिणीचं. ती न्यू जर्सीत आहे म्हणजे अध्यक्षपदासाठी तिच्या एका मतानं काही उलटंपालटं होणार नाही, इथे १९९२ पासून दरवेळी डेमोक्रॅटच जिंकत आलेत, त्यामुळे तिसऱ्याला मत देऊन राग काढायचा असेल तर खुशाल काढावा. मिशिगनमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेभावाला मी हे कधी सांगणार नाही. पण मतच देऊ नकोस असं तिला सांगू नका. तिनं कुठल्याच पक्षात नाव नोंदवलं नसेल तर न्यू जर्सीत प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन ज्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचंय तो सांगता येतो, मात्र मग तिची नोंद त्या पक्षात होते आणि पुढे बदलायची तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. आणि नोव्हेंबरला वरची जागा कोरी सोडली म्हणून बॅलट बाद होत नाही, खालच्या नावांची मतं मोजली जातात. बऱ्याच गावांत तिथेच स्कूल बोर्डाची नावं असतात, आणि इथे घरपट्टीतला मोठा हिस्सा शाळांना जातो, घर घेतलं असेल तर ती रक्कम किती असते ते तिला विचारा.