पत्नीने पतीच्या अधीन राहावे असे बायबल सांगते. मग ख्रिस्ती स्त्री स्त्रीवादी कशी असू शकते?

असू शकते. मी आहे. ठाण्यात राहते, दर रविवारी उपासनेला जाते, महिला मंडळाचं काम सतरा वर्षं करते आहे. मुलगा-मुलगी समान, हे मला पवित्र शास्त्रानेच शिकवलं.

तुम्ही बोट ठेवलंय ते वचन इफिसकरांस पत्र ५:२२. त्याच्या आधीचं, २१वं, वाचा. ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या! जुन्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२व्या वचनात ‘अधीन असा’ हे क्रियापदच नाही, ते २१व्यातून आणून अर्थ लावावा लागतो. आणि २५व्यात नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी) स्वतःला दिलं, तशी बायकोवर प्रीती कर. लग्नाच्या दिवशी ही सगळी वचनं वाचतात. पुढे आयुष्यभर बाईला ऐकवतात ते एकटं २२वं.

आता हा प्रश्न मला एवढा का लागला, ते सांगते.

२०१९ मध्ये पप्पा प्रभूमध्ये निजले. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ते फिटर होते. कळव्याला खारेगावात त्यांची वन रूम किचनची जागा, ओव्हरटाइम करकरून घेतलेली. महिन्याने घरी प्रार्थना ठेवली. लोक चहा घेऊन गेले, आमच्या चर्चच्या पंच कमिटीतले एक काका तेवढे मागे थांबले. मग दादाने कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली. आत हक्कसोडपत्र होतं, जागेतला आमचा वाटा सोडून देण्याचं. आम्ही दोघी बहिणींनी जिथे सही करायची, तिथे पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. पप्पांचा चष्मा अजून फ्रिजवरच होता.

काका मला म्हणाले, “पोरी, शास्त्रात वतन, म्हणजे बापाचा वारसा, मुलाला आहे. मुलगी आपल्या घरी गेली की तिचं तिकडे. पप्पांनी तुझ्या लग्नात काय कमी केलं?” मग त्यांनी इफिसकर ५ काढलं आणि २२व्या वचनापासून वाचायला लागले. दादा माझा नवरा नव्हे, बाप नव्हे. त्याच्या कोणत्या अधीनतेत मी होते?

धाकटीने सही केली. तिचा नवरा खाली रिक्षा थांबवून उभा होता, तिला वाद नको होता. मी म्हटलं, मी वाचून सांगते. आई आत कपबशा विसळत होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू जात होता. नळ काही बंद झाला नाही.

शब्बाथशाळेत शिकलेली सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट मला आठवत होती, गणना २७. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप रानात वारला, मुलगा नाही, तर या पाच जणी मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दारात उभ्या राहिल्या आणि बापाचं वतन मागितलं. परमेश्वराने मोशेला सांगितलं, त्यांचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना दे. दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन करून हेच सांगितलं. ते म्हणाले, “त्यांना भाऊ नव्हता. तुला आहे.”

ते बरोबर बोलले होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ दिवस मला नीट झोप नव्हती. मग एका रात्री ईयोबाचा शेवटचा अध्याय वाचताना ४२:१५ वर थांबले. ईयोबाला नंतर सात मुलगे आणि तीन मुली झाल्या. मुलग्यांपैकी एकाचंही नाव तिथे दिलेलं नाही. मुलींची तिन्ही आहेत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूख. आणि बापाने त्यांना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. भावांबरोबर. सात भाऊ असताना! लहानपणापासून ईयोब वाचला, पण या वचनावर एकही संदेश कधी ऐकला नव्हता. पहाटे तीन वाजता मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

कायदा तर सरळच आहे. आपल्याला ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या मुलामुलींत सारखं. म्हणजे आमच्या घरात आईचा तिसरा हिस्सा, आणि आम्हा तिघांना प्रत्येकी दोन नवमांश. सोसायटीत दादा नॉमिनी आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्रावणकोरकडच्या, म्हणजे आताच्या केरळातल्या, ख्रिस्ती बायकांना एवढंही नव्हतं. तिथल्या १९१६च्या कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यात जे कमी असेल ते मिळायचं. तिथल्याच मेरी रॉय वडिलांच्या मिळकतीसाठी सख्ख्या भावाशी लढल्या आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टातून निकाल आणला. त्यांना घर फोडणारी म्हणणारे तेव्हाही असतीलच.

दादा मला म्हणाला, हे स्त्रीवादाचं खूळ बाहेरचं आहे, आपल्या लोकांत असलं नव्हतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. आमची पणजी दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंकडे आलेल्या पोरींपैकी. तिथल्या छापखान्यात ती खिळे जुळवायला शिकली, असं आजी सांगायची. रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण मान कुणापुढे तुकवली नाही. इंग्लंडात चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं की नाही, यावरून बिशपांनी हरकत घेतली, तर त्यांनी पत्रांतून रोखठोक उत्तरं दिली. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते भाषांतर १९२४ मध्ये छापून आलं. ज्या घरात ही परंपरा आहे, तिथे माझं मागणं बाहेरचं कसं?

तुम्ही पुढे १ तीमथ्य २ विचाराल, बाईने शिकवू नये म्हणून. त्यावर विद्वानांचे वाद आहेत आणि ते इथे मिटणार नाहीत. मी एवढंच बघते की ही पत्रं ज्याच्या नावावर आहेत तोच प्रेषित पौल रोमकरांस १६ मध्ये किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस करतो, आणि प्रिस्किल्ला व अक्विला यांना आपले सहकारी म्हणतो. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लोसारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्यांत ही प्रिस्किल्ला आहे. २०१३ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाने ई. पुष्पा ललिता यांना बिशप केलं, तेही हेच शास्त्र हातात घेऊन.

माझ्यासारख्या कुणी बहीण वाचत असतील तर, घरात सुतक असताना पुढे आलेल्या कागदावर त्या दिवशी सही करू नका. घरी आणा, वाचा, वकिलाला दाखवा. भावाला खरंच गरज असेल आणि तुम्हाला मनापासून सोडायचं असेल तर जरूर सोडा, त्यात कमीपणा नाही. आणि वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर मी वर दिलेला हिशोब लागणार नाही, ख्रिस्ती माणूस आपली मिळकत मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. सगळे पंच आमच्या काकांसारखे नसतात, हेही सांगायला हवं. आमच्या आधीच्या पाळकसाहेबांनी स्वतःच्या दोन्ही मुलींना जागेत हिस्सा दिला होता.

दादा माझ्याशी बोलत नाही. उपासनेत तो डावीकडे बसतो, मी उजवीकडे. आई त्याच्याकडे राहते आणि भांडण नको म्हणून मला फोन दुपारी करते, तो कामावर असताना. जागा अजून पप्पांच्याच नावावर आहे, मेंटेनन्सचं बिल त्यांच्याच नावाने येतं. माझ्या दोन नवमांशाचे पैसे मी दर तिमाहीला आईकडे पाठवते.

दादा, कुणी तुला हे वाचायला दिलं तर, त्या फाइलमधली माझी फुली अजून रिकामी आहे. मला तुला बेघर करायचं नाही, जागा विकायचीही नाही, आई आहे तोवर तर नाहीच. मी सही करीन, पण वाटणीपत्रावर, आईचा तिसरा हिस्सा सगळ्यात वर लिहिलेला असेल तेव्हा. धाकटीचंही नाव त्यात घाल.